थरथरणारा स्लॅब कसा शांत करायचा: ४०० किलोचा ट्यून्ड मास डॅम्पर, मोजणीपासून बसवण्यापर्यंत

पॅसेजमधून कोणी झपझप चालत गेलं की मॉनिटर हलतो, ग्लासातल्या पाण्यावर गोल लाटा उठतात आणि खुर्चीत बसलेला माणूस दचकून वर बघतो. स्टीलचे लांब बीम, त्यावर डेक शीट आणि १३० मिमी काँक्रीट अशा नव्या ऑफिस-मजल्यांवर ही तक्रार नेहमीची आहे. पूर्वी ती कमी यायची, कारण वीटकामाच्या भिंती स्लॅबला धरून असायच्या आणि बरंचसं कंपन तिथेच जिरायचं. आता भिंतींच्या जागी काच आली आणि स्पॅन १२ मीटरवर गेला. स्लॅब भाराला पुरेसा मजबूत आहे, पण एकदा हलला की थांबायला वेळ घेतो.

कंपन जिरवण्याच्या या गुणालाच डॅम्पिंग म्हणतात. झोपाळ्याला दर फेरीत नेमक्या क्षणी नुसता हात लावला तरी तो चढत जातो, तसंच इथे होतं. माणसाची पावलं सेकंदाला साधारण १.६ ते २.२ वेळा पडतात, आणि त्या तालाच्या दुपटीत-तिपटीतही थोडा जोर असतो. स्लॅबची स्वतःची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलनं, ५.२ हर्ट्झ असेल, तर १.७३ च्या चालीची तिप्पट बरोबर तिथे येऊन बसते. डॅम्पिंग कमी असेल तर पाच-सहा पावलांतच थरथर जाणवण्याइतकी वाढते.

या लेखात अशाच एका मजल्याचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या मजल्याचे वेगळे येतील, पद्धत तीच राहील. एक अट मात्र आधीच: मजल्यावर ४०० किलो वाढवायचे म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरची लेखी मंजुरी हवी. ती मिळेपर्यंत फॅब्रिकेटरला फोन करू नका.

पायरी १: आधी रोग ओळखा

पॅसिव्ह डॅम्पर, म्हणजे वीज, मोटर आणि सेन्सर नसलेला डॅम्पर, अनेक जातींचा असतो. चुकीच्या जातीचा बसवला तर ते फक्त महागडं वजन होतं.

ट्यून्ड मास डॅम्पर म्हणजे स्प्रिंगवर किंवा दोरांवर टांगलेलं वजन. ते एकाच वारंवारतेवर काम करतं. मजला, पादचारी पूल, वाऱ्याने झुलणारा उंच टॉवर ही त्याची खरी कामं. ५०८ मीटर उंचीच्या तैपेई १०१ मधला ६६० टनांचा गोळा मुख्यतः वाऱ्यासाठी आहे. भूकंपासाठी एकट्या या डॅम्परवर भिस्त ठेवू नये. भूकंपात अनेक वारंवारता एकदम येतात, आणि काँक्रीटला तडे गेले की इमारत मऊ होऊन ट्यूनिंगच सुटतं. तिथे फ्लुइड व्हिस्कस डॅम्पर, फ्रिक्शन डॅम्पर, वाकून ऊर्जा खाणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या किंवा पायाखालचे रबरी बेअरिंग लागतात. लंडनच्या मिलेनियम पुलावर तर दोन्ही जाती वापराव्या लागल्या. हा पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. मग ३७ व्हिस्कस आणि ५२ ट्यून्ड मास डॅम्पर बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

टॉवरच्या बाबतीत एक प्रश्न हमखास येतो: गच्चीवरची पाण्याची टाकीच डॅम्पर म्हणून का चालू नये? पाणी डचमळून कंपन खातं, हे खरं. पण ०.२ हर्ट्झने झुलणाऱ्या टॉवरला साधारण ८.६ मीटर लांबीची आणि १.३ मीटर पाण्याची टाकी हवी. संध्याकाळपर्यंत पाणी निम्मं झालं की हीच टाकी ०.१५ हर्ट्झच्या खाली उतरते आणि उपयोग संपतो. वापराची टाकी आणि डॅम्परची टाकी वेगळीच ठेवावी लागते.

हादरा जनरेटर, चिलर किंवा पंपाचा असेल तर डॅम्परच्या मागे लागू नका. मशिनखाली आयसोलेटर, म्हणजे हादरा खाली जाऊ न देणारे आधार, घाला. मजल्याची वारंवारता ८–९ हर्ट्झच्या वर असेल तरीही हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथे प्रत्येक पाऊल सुटा दणका देतं, कंपन साचत नाही, त्यामुळे साचलेलं कंपन खाणाऱ्या यंत्राला खायला काही मिळत नाही.

पायरी २: मोजणी

कागदावर काढलेली वारंवारता आणि जागेवरची वारंवारता यांत १० टक्के फरक सहज पडतो. डॅम्परला मात्र २ टक्क्यांची चूकही जाणवते. म्हणून मोजणी टाळता येत नाही.

प्राथमिक अंदाजासाठी मोबाइल चालतो. फिफॉक्स (phyphox) सारखं अ‍ॅप घ्या, फोन स्लॅबच्या मधोमध उघड्या फरशीवर ठेवा. गालिचा किंवा फॉल्स फ्लोअरिंगच्या टाइलवर ठेवू नका, नाहीतर टाइलचं कंपन मोजून बसाल. फोनपासून हातभर अंतरावर एकाने चवड्यांवर उभं राहावं आणि टाचा एकदम सोडाव्यात. मग सहा-सात सेकंद कोणी हलायचं नाही. असं किमान दहा वेळा करा.

आलेखात विझत जाणारी लाट दिसेल. दहा आंदोलनांना किती वेळ लागला ते मोजा. १.९२ सेकंद लागले, तर १० भागिले १.९२, म्हणजे ५.२ हर्ट्झ. आता डॅम्पिंग. पहिल्या शिखराची उंची १० एकक आणि त्यानंतरच्या दहाव्याची ३.९ असेल, तर त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग ०.९४ येतो. त्याला ६२.८ ने भागा: ०.०१५, म्हणजे दीड टक्का. फर्निचरने भरलेल्या, पार्टिशनवाल्या ऑफिसात तीन टक्क्यांच्या आसपास मिळायला हवं. दीड टक्का असेल तर तक्रार का येते ते कळलंच.

फोन कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. मध्यावर, पाव अंतरावर, बीमवर, शेजारच्या बेमध्ये (चार खांबांमधल्या चौकोनात), असं सात-आठ ठिकाणी मोजा. सर्वांत जास्त हलणारी जागा कागदावर खुणावून ठेवा, डॅम्पर तिथेच जाणार आहे. आणि मोजणी रिकाम्या हॉलमध्ये करू नका. टेबलं, कपाटं, फायलींचे रॅक सगळं जागेवर असू द्या. हलणारं वजन १० टक्क्यांनी वाढलं की वारंवारता सुमारे ५ टक्क्यांनी उतरते.

शेवटच्या ट्यूनिंगसाठी मात्र चांगला अ‍ॅक्सिलरोमीटर भाड्याने घ्या. फोनच्या स्वतःच्या खरखरीतच बारीक कंपन बुडून जातं.

पायरी ३: आकडेमोड

उदाहरणातल्या मजल्याचं कंपनात भाग घेणारं वजन सुमारे ४० टन, म्हणजे ३९२ किलोन्यूटन. त्यातलं निम्मं, २० टन, मोडल वस्तुमान (मजल्याच्या मध्याइतकंच हलणारं वजन) धरू. बाकीचा स्लॅब कडांजवळ असल्याने कमी हलतो. एआयएससी या अमेरिकेतल्या स्टील-बांधकाम संस्थेच्या ११ क्रमांकाच्या डिझाइन गाईडमधल्या सूत्राने, दीड टक्का डॅम्पिंगला चालण्यामुळे होणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ टक्के येतं. ऑफिससाठी तिथली मर्यादा ०.५ टक्के आहे. आपल्याकडे आयएस ८००:२००७ च्या परिशिष्टातही मजल्याच्या कंपनाबद्दल मार्गदर्शन आहे, तेही पाहून घ्या.

डॅम्परचं वस्तुमान मोडल वस्तुमानाच्या १ ते ३ टक्के ठेवतात. आपण २ टक्के, म्हणजे ४०० किलो घेतले. पुढची सूत्रं कंपनशास्त्रातले अभियंते डेन हार्टोग यांची, अजूनही तीच वापरतात.

डॅम्परची वारंवारता मजल्याच्या वारंवारतेला १.०२ ने भागून मिळते: ५.१० हर्ट्झ. बरोबर ५.२ ठेवणं ही नवख्यांची पहिली चूक.

स्प्रिंगचा एकूण ताठपणा म्हणजे वस्तुमान गुणिले (६.२८ गुणिले वारंवारता) याचा वर्ग. तो ४१० न्यूटन प्रति मिमी येतो. चार स्प्रिंगांत वाटला तर प्रत्येकी सुमारे १०३.

डॅम्परचं स्वतःचं डॅम्पिंग ८.४ टक्के, म्हणजे गुणांक सुमारे २,१५० न्यूटन-सेकंद प्रति मीटर.

या हिशेबाने मजल्याचं परिणामी डॅम्पिंग ५ टक्क्यांपर्यंत चढतं आणि कागदावर थरथर एक तृतीयांशावर येते. प्रत्यक्षात ती निम्म्यावर आली तरी काम झालं म्हणा. ०.८ चं ०.४ झालं की बसलेल्या माणसाची तक्रार बंद होते.

पायरी ४: सामान

वजनासाठी ५०० × ५०० × २५ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटा घ्या. एक प्लेट ४९ किलोची. सात प्लेटा म्हणजे ३४३ किलो, खालचा ट्रे ३० किलोचा. वरून ५०० × ५०० × ३ मिमीचे पत्रे, प्रत्येकी ५.९ किलो. सुरुवातीला असे पाच पत्रे लावा, पाच बाजूला ठेवा. एकूण ४०२ किलो झाले. या पत्र्यांमुळेच ट्यूनिंग जमतं. एक पत्रा कमी-जास्त केला की वारंवारता ०.०४ हर्ट्झने सरकते, आणि एकूण ४.९२ ते ५.२९ पर्यंत खेळायला जागा मिळते.

स्प्रिंग चार. १२ मिमी तार, मध्यव्यास ७० मिमी, ५.८ कार्यरत वेटोळी, मोकळी उंची १३० मिमी, टोकं घासून सपाट केलेली. बनवणाऱ्याला ताठपणा लिहून द्या आणि सहा बनवून घ्या, चार नको. स्प्रिंगमध्ये १० टक्के फरक सर्रास येतो. सहांतून जवळजवळ सारख्या चार निवडायच्या, नाहीतर वजन तिरकं बसतं.

आता तेलाचा डबा. इथे बहुतेक जण चुकतात, त्यामुळे जरा थांबून पाहू. मजला किती हलतो? ०.४ टक्के त्वरणाला ५.२ हर्ट्झवर तो जेमतेम ०.०४ मिमी हलतो. वजन त्याच्या पाच-सहापट हललं तरी ०.२ मिमी, दोन पोस्टकार्डांच्या जाडीपेक्षाही कमी. इतक्या हालचालीला स्प्रिंगमधून मिळणारं बल ४१० गुणिले ०.२, म्हणजे ८२ न्यूटन, सुमारे ८ किलोचं. यंत्रात कुठेही ८ किलोचं घर्षण असेल तर वजन जागचं हलणारच नाही. ते स्लॅबला चिकटून राहील आणि डॅम्पर म्हणजे छताला टांगलेला ४०० किलोचा लोखंडी ठोकळा होईल. मोटारसायकलचा किंवा कारचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर इथे चालत नाही तो याचमुळे: त्याचं सीलच दांड्याला तेवढं घट्ट धरून बसतं. बुशिंग, सरकपट्टी, लिनिअर गाईड हे सगळं त्याच कारणाने बाद.

घासणारा भाग नसलेला मार्ग असा: उभा अरुंद डबा, त्यात सिलिकॉन तेल, आणि तेलात बुडलेली उभी पट्टी. डबा खालच्या फ्रेमला, पट्टी वजनाला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, मध्ये फक्त तेल. १ लाख सेंटिस्टोकचं (सेंटिस्टोक हे तेलाच्या दाटपणाचं एकक) तेल, पट्टीच्या दोन्ही बाजूंना ५ मिमी फट, आणि बुडालेला भाग २५० मिमी रुंद × २२० मिमी खोल, एवढ्यात सुमारे २,१५० चा गुणांक मिळतो. समतोलासाठी १२५ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या करून वजनाच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन डबे लावा. पट्टीखाली ५० मिमी तेल मोकळं ठेवा. पट्टी तळाजवळ गेली की तेल दाबलं जाऊन डॅम्पिंग भलतंच वाढतं. पट्टीला उभ्या खाचा पाडा, म्हणजे वर-खाली सरकवून बुडालेली खोली बदलता येईल.

इंजिन ऑइल किंवा ग्रीस वापरू नका. फॉल्स सीलिंगच्या वर मे महिन्यात जो उकाडा असतो, त्यात खनिज तेल पाण्यासारखं होतं. सिलिकॉन तेलही २५ वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास निम्मं पातळ होतं, पण तेवढं हा डॅम्पर सोसतो.

शिवाय: वजन ठेवण्यासाठी आयएसएमसी १०० चॅनेलची फ्रेम, चार १६ मिमी बोल्ट ३० मिमी भोकांतून (स्प्रिंग तुटली तर वजन खाली येऊ नये म्हणून, एरवी बोल्टांनी कशालाही शिवायचं नाही), रबरी स्टॉपर, आणि सुरक्षेसाठी दोन वायर रोपचे फास, किंचित ढिले.

पायरी ५: जमिनीवरची चाचणी

युनिट तळमजल्याच्या, जमिनीवर टेकलेल्या काँक्रीटवर जोडा. वरच्या मजल्यावर किंवा टेबलावर नको, त्यांचं कंपन मिसळतं.

पहिली तपासणी फूटपट्टीवरच होते. वजन चढवण्याआधी आणि नंतर चारही स्प्रिंगांची उंची व्हर्नियरने मोजा. सरासरी ९.६ मिमी दबल्या असतील तर वारंवारता ५.१ च्या आसपास आहेच. हे नातं पाठ करून ठेवा: १५.८ भागिले दबलेल्या मिमींचं वर्गमूळ, म्हणजे हर्ट्झ. ८ मिमीच दबल्या तर ५.६ हर्ट्झ, म्हणजे स्प्रिंग कडक निघाल्या. तेवढी चूक पत्र्यांनी भरून निघणार नाही, स्प्रिंग बदला.

मग तेल न घालता वजन हाताने दाबून सोडा, फोन वजनावर ठेवून वारंवारता घ्या. नंतर तेल भरा. जाड तेलातले हवेचे बुडबुडे वर यायला रात्र लागते, तेवढा वेळ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबून सोडा. प्रत्येक शिखर आधीच्याच्या ५९ टक्के हवं, तिसऱ्या फेरीअखेर पाचवा हिस्सा उरावा. लवकर विझत असेल तर पट्टी वर घ्या, रेंगाळत असेल तर खाली सोडा. तेल भरल्यावर वारंवारता किंचित चढलेली दिसेल. इतकं जाड तेल थोडंफार स्प्रिंगसारखंही वागतं, घाबरू नका. एखादा पत्रा वाढवा.

पायरी ६: बसवणं

मोजणीत खुणावलेली जागा, बहुधा बेचा मध्य. डक्ट आड येतो म्हणून युनिट पाव अंतरावर सरकवायचा आग्रह होईल. तिथे स्लॅब मध्याच्या ०.७ पट हलतो, आणि डॅम्परची ताकद त्याच्या वर्गाने कमी होते. ४०० किलो लावून २०० किलोचा उपयोग मिळतो. डक्ट सरकवून घ्या.

फ्रेम बीमच्या खालच्या फ्लँजला क्लँप आणि बोल्टने धरा. स्लॅबमधल्या अँकरवर एवढं वजन कायमचं टांगू नये. टांगणी ताठ हवी. अँगलची ब्रॅकेट वाकत असेल तर तीही एक स्प्रिंगच झाली. ती मुख्य स्प्रिंगच्या दहापट ताठ असली तरी वारंवारता पावणेपाच टक्क्यांनी घसरते, म्हणजे जमिनीवर केलेलं ट्यूनिंग पाण्यात. वीसपटीच्या वर ठेवा. वजन चढवताना प्लेटा एकेक करून चढवा आणि रोपचे फास आधी लावा. शेवटी सगळीकडून कागदाची पट्टी फिरवून पाहा: वजन आणि फ्रेम यांच्यात ती कुठेही अडता कामा नये.

पायरी ७: जागेवरचं ट्यूनिंग

वजन लाकडी पाचरींनी जखडा आणि टाचांची चाचणी करा. पाचरी काढा आणि पुन्हा करा. हे दोन आलेख शेजारी ठेवले की डॅम्परचा खरा परिणाम कळतो, कारण दोन्हींत एकूण वजन तेच असतं.

वारंवारतेच्या आलेखात ५.२ वरचं एक टोकदार शिखर जाऊन पसरट टेकाड किंवा दोन बुटकी शिखरं दिसायला हवीत. डावीकडचं, म्हणजे कमी वारंवारतेचं शिखर उंच असेल तर डॅम्पर वर ट्यून झालाय: पत्रा वाढवा. उजवीकडचं उंच असेल तर पत्रा काढा. दोन्ही सारखी झाली की थांबा. शिखरं सारखी पण दोन्ही टोकदार असतील तर तेल कमी पडतंय. आणि काहीच बदललं नाही, एकच शिखर जुन्या जागी तसंच उभं असेल, तर कुठेतरी काहीतरी घासतंय. दहातल्या आठ वेळा तो सुरक्षेचा बोल्ट असतो.

ऑफिसची मांडणी बदलली, रेकॉर्डचं जड कपाट आलं किंवा गेलं, की टाचांची चाचणी पुन्हा करा. एरवी वर्षातून एकदा पुरे. तेलाची पातळी त्याच वेळी बघा आणि डब्यांवर धूळ बसू नये म्हणून सैल झाकण ठेवा.

शेवटी युनिटवर पत्र्याची पाटी रिव्हेट करा. त्यावर तारीख, वजन, पत्र्यांची संख्या, वारंवारता, आणि ठळक मराठीत-हिंदीत: ‘हे वजन हलतं ठेवायचं आहे. वर सामान ठेवू नये, खाली पाचर मारू नये.’ सीलिंगवर चढणारा एसीवाला किंवा वायरमन झुलणारं लोखंड पाहिलं की भल्या मनाने पहिली पाचर मारतो.